एका गाडीत चार पॉइंट: जादा पॉइंटचं भाडं कसं लावायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एक-दोन किंवा चार-पाच गाड्यांच्या मालकांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. पॉइंट म्हणजे माल उतरवायचं ठिकाण, आणि पार्टी म्हणजे माल देऊन भाडं भरणारा. गाडी स्वतःची, चालक पगारी किंवा मालक स्वतःच, आणि काम ट्रान्सपोर्टरकडून नाहीतर थेट कंपनीकडून आलेलं. हिशेब भिवंडीहून पुण्याकडे जाणाऱ्या १४ फुटी बंद बॉडीच्या गाडीवर मांडला आहे. तुमची गाडी छोटा हत्ती असो की १९ फुटी, रीत तीच. आकडे मात्र स्वतःच्या वहीतले घाला.

जादा पॉइंटला सरसकट पाचशे रुपये घेतात. तसंच घ्यायचं का?

घेऊ नका. पाचशे हा आकडा कोणी हिशेब करून काढलेला नाही, बोलता बोलता पडलेला आहे. एखाद्या पॉइंटला गाडी वीस मिनिटांत रिकामी होते, तिथे पाचशे जास्त होतात आणि पुढच्या वेळी पार्टी दुसऱ्याकडे जाते. दुसरा पॉइंट तीस किलोमीटर आडबाजूला असतो आणि तिथे गेटवरच दीड तास जातो, तिथे पाचशेत डिझेलही सुटत नाही. पॉइंटचे पैसे तीन गोष्टींचे असतात: वाढलेले किलोमीटर, अडकलेला वेळ, आणि वाढलेली कागदपत्रं व जोखीम. यातला वेळच सगळ्यात महाग असतो आणि नेमका तोच बहुतेक जण धरत नाहीत.

मग वेळेची किंमत काढायची कशी?

गाडी उभी असली तरी जो खर्च चालू राहतो तो महिन्याचा एकत्र करा. आपल्या उदाहरणात असं धरू: हप्ता २४,०००, चालकाचा पगार २०,०००, विमा महिन्याला ३,५००, कर-फिटनेस-परमिट-पीयूसी मिळून १,५००, पार्किंग आणि किरकोळ १,०००. बेरीज ५०,०००. गाडी महिन्यातून २२ दिवस, दिवसाला १० तास कामात असते असं धरलं तर २२० तास होतात. म्हणजे तासाला साधारण २२७ रुपये. हा झाला निव्वळ खर्च. मालकाची कमाई आणि अडीअडचणीची शिल्लक म्हणून ७०-७५ रुपये वर धरा आणि तासाचा दर ३०० ठरवा.

तीस दिवस धरून भागाकार करू नका. गाडी गॅरेजला जाते, चालक गावी जातो, माल मिळत नाही. बावीस दिवसही मंदीच्या महिन्यात भरत नाहीत. हप्ता फिटला म्हणून ती रक्कम काढून टाकू नका; तेवढे पैसे पुढच्या गाडीसाठी बाजूला पडायला हवेत. आणि स्वतः गाडी चालवत असाल तरी चालकाचा पगार धराच.

किलोमीटरचा दर?

यात फक्त चाक फिरल्यावर होणारा खर्च घ्यायचा. डिझेल ९२ रुपये आणि ॲव्हरेज ८ धरलं तर किलोमीटरला ११.५० रुपये. सहा टायर प्रत्येकी १२,००० चे, ६०,००० किलोमीटर चालले, तर १.२० रुपये. सर्व्हिसिंग, ब्रेक, क्लच, पाटे मिळून २ रुपये. किरकोळ ३० पैसे. एकूण १५ रुपये. ॲव्हरेज कंपनीच्या पत्रकातलं घेऊ नका. टाकी फुल करा, रोजच्या रूटवर पाचशे किलोमीटर चालवा, पुन्हा फुल करा आणि भागाकार करा. बोरघाट आणि शहरातली गर्दी त्यात आपोआप येते.

प्रत्यक्ष एका फेरीवर हे लावून दाखवता येईल का?

भिवंडीजवळच्या माणकोलीच्या गोदामातून माल भरला, उतरायचा चाकणला. अंतर १४० किलोमीटर धरू, जाऊन-येऊन २८०. किलोमीटरचे ४,२००. भरायला दोन तास, जायला साडेचार, उतरवायला एक, यायला साडेचार, असे बारा तास, त्याचे ३,६००. मूळ भाडं ७,८०० आणि टोल वेगळा. यात एक पॉइंट धरलेला आहे.

आता पार्टी म्हणते, जाता जाता तळेगाव एमआयडीसीत चार पेट्या टाका. वळसा ८ किलोमीटर, म्हणजे १२० रुपये. वळशाची २० मिनिटं आणि उतरवण्याचा एक तास, मिळून ८० मिनिटं, म्हणजे ४००. झाले ५२०. वेगळी पोहोच (माल मिळाल्याची सही-शिक्क्याची पावती), वेगळी मोजणी, नवं सील यासाठी दहाएक टक्के वर, आणि सरळ ६०० सांगा.

मग पार्टी म्हणते, चाकणनंतर थोडा माल वाघोलीलाही आहे. गोची होते ती इथे. चाकणहून वाघोली तीसेक किलोमीटर: ४५०. सव्वा तासाचे ३७५. उतरवायला तास, ३००. आणि वाघोलीहून भिवंडीला परत यायचा रस्ता चाकणपेक्षा आणखी तीस किलोमीटर लांब धरू: ४५०, वर एक तास ३००. बेरीज १,८७५. 'जादा पॉइंट पाचशे' म्हणून हे घेतलं तर साठ किलोमीटरचं नुसतं डिझेलच ६९० रुपयांचं जळतं. म्हणजे वाघोलीचा माल खिशातले १९० रुपये घालून पोचवला, आणि सव्वातीन तास वर फुकट.

खरं तर वाघोली हा जादा पॉइंट नाहीच. ते शेवटचं ठिकाण आहे. मूळ भाडं नेहमी सगळ्यात लांबच्या ठिकाणापर्यंत काढायचं आणि वाटेतल्यांना पॉइंट म्हणायचं. तळेगाव पॉइंट, चाकण पॉइंट, वाघोली डेस्टिनेशन. शब्द बदलला की समोरच्यालाही रक्कम पटते.

'वाटेतलाच तर आहे, त्याचे काय पैसे?' याला उत्तर काय द्यायचं?

किलोमीटरचे पैसे मागत नाही, थांबण्याचे मागतो, असं सांगा. गाडी हायवेवरून खाली उतरते, गेटवर नोंद होते, सिक्युरिटी चालकाला लायसन आणि सेफ्टी शूज विचारते, स्टोअरवाला जेवायला गेलेला असतो. उघड्या बॉडीची गाडी असेल तर ताडपत्री आणि रश्शा सोडून परत बांधायला वीस-पंचवीस मिनिटं वेगळी. वळसा शून्य असला तरी तळेगावचा हिशेब ३०० च्या खाली येत नाही. नेहमीची पार्टी असेल आणि सूट द्यायचीच असेल तर मूळ भाड्यात द्या. पॉइंट एकदा फुकट केला की पुढच्या वेळी तो हक्क होतो.

प्रत्येक पॉइंटला मोकळा वेळ किती द्यावा?

भरायला दोन तास आणि उतरवायला पॉइंटमागे एक तास, हे १४ फुटीला रास्त आहे. त्यापुढे दर अर्ध्या तासाला १५०. एका पॉइंटच्या पूर्ण गाडीला काही ट्रान्सपोर्टर चोवीस तास मोकळे मागतात. तो नियम तीन-चार पॉइंटच्या गाडीला लागू होऊ देऊ नका. पहिल्या पॉइंटने तीन तास खाल्ले तर तिसऱ्याचं गेट बंद झालेलं असतं आणि रात्र तुमच्या अंगावर पडते.

वेळेचा पुरावा जागच्या जागी तयार व्हायला हवा. गेटवर पोचल्याबरोबर गेटचा फोटो, लोकेशन चालू ठेवून, ग्रुपवर टाकायचा. बिल्टीच्या (मालवाहतुकीच्या पावतीच्या) मागे इन टाइम आणि आऊट टाइम लिहून शिक्का घ्यायचा. घड्याळ गेटवर पोचल्यापासून सुरू होतं, डॉकला (माल उतरवायच्या फलाटाला) लागल्यापासून नाही, हे भाडं ठरवतानाच बोलून घ्या. सगळी हुज्जत याच एका मुद्द्यावर होते.

हॉल्टिंग (गाडी अडकून पडल्याचे पैसे) दिवसाला किती?

दहा तासांचे ३,००० आणि चालकाचा भत्ता ३००, म्हणजे ३,३००. घासाघीस करून खाली आलात तरी २,६०० च्या खाली जाऊ नका. तो ५०,००० भागिले २२ अधिक भत्ता, म्हणजे निव्वळ खर्च आहे. परतीचा माल ठरलेला असेल आणि तो हॉल्टिंगमुळे हुकला, तर त्याची भरपाई कोणी देत नाही. म्हणून तीनपेक्षा जास्त पॉइंट असलेल्या फेरीला त्याच दिवशीचा परतीचा माल पक्का करू नका.

हमाली आणि वाराई (हमालांची टोळी चालकाकडून घेते ते पैसे) कोणाची?

'ज्याचा माल त्याचा हमाल.' ही घोषणा ट्रकवाल्यांनी वर्षानुवर्षं दिली आहे आणि भाड्याच्या मेसेजमध्ये हेच वाक्य टाकावं. प्रत्यक्षात पॉइंटवर टोळी चालकाकडेच पैसे मागते आणि दिल्याशिवाय मालाला हात लावत नाही. चार पॉइंटला चारदा असं झालं की जादा पॉइंटचे सगळे पैसे तिथेच संपतात.

महाराष्ट्रात १९६९ च्या माथाडी कायद्याखाली नोंदीत टोळ्यांची मजुरी मंडळामार्फत होते आणि ती ज्याच्याकडे काम आहे त्याने भरायची असते, गाडीमालकाने नाही. चालकाच्या हातून रोख मागितली जाते तेव्हा पावती मागा. पावती मिळत नसेल तर आधी पार्टीला फोन लावा आणि मगच पैसे द्या. चालकाला सांगून ठेवा: फोनवर 'द्या, आम्ही देतो' असं सांगितलं तर तेच मेसेजवर लिहून घ्यायचं. बिलात वाराईची वेगळी ओळ ठेवा. भाड्यात मिसळली की परत मिळत नाही.

माल भरताना काय बघायचं?

शेवटच्या पॉइंटचा माल सगळ्यात आधी, केबिनकडे. पहिल्या पॉइंटचा माल दरवाज्याशी. हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी रोज चुकतं, कारण गोदामात माल ज्या क्रमाने पिकिंग होऊन येतो त्याच क्रमाने हमाल भरतात. भरायला सुरुवात होण्याआधी पॉइंटच्या क्रमाचा कागद सुपरवायझरच्या हातात द्या. क्रम चुकला तर पहिल्या पॉइंटला वाघोलीच्या पन्नास पेट्या खाली उतरवून पुन्हा चढवाव्या लागतात: पाऊण तास, दुप्पट हमाली, आणि ओली जागा असेल तर मालाचं नुकसान.

दोन पॉइंटच्या मालामध्ये पुठ्ठा किंवा दोरी लावा. प्रत्येक पॉइंटच्या पेट्यांवर वेगळ्या रंगाच्या खडूची खूण करा. सारख्याच खोक्यांमध्ये चालक लेबल वाचत बसत नाही. जड माल वर आणि हलका खाली येणार असेल तर क्रमच बदलून मागा. पहिला पॉइंट रिकामा झाल्यावर उरलेला माल मागे सरकतो, म्हणून पट्टा नाहीतर रश्शी पुन्हा आवळल्याशिवाय गाडी हलवायची नाही. आणि 'थोडंसंच जास्त आहे' म्हणून ओव्हरलोड घेऊ नका: दंड २०,००० आणि वर प्रत्येक जादा टनाला २,०००.

माल कमी निघाला तर पैसे आमच्या भाड्यातून का कापतात?

कारण सील पहिल्या पॉइंटलाच तुटलेलं असतं. पुढे कुठेही पेटी कमी निघाली की बोट चालकाकडे. यावर उपाय कंटाळवाणा आहे पण चालतो. भरताना चालकाने पॉइंटवार मोजायचं आणि पॉइंटवार बिल्टी घ्यायची, सगळ्यांची मिळून एक नाही. प्रत्येक पॉइंटला उतरलेल्या पेट्या समोरच्यासमोर मोजून पोहोचीवर आकडा लिहून घ्यायचा, मग दरवाजा लावून नवं सील, आणि त्या सीलच्या नंबरचा फोटो. मोजू दिलं नाही तर बिल्टीवर 'चालकाने मोजलेलं नाही' असा शेरा भरतानाच घ्या. एका पॉइंटला एक पेटी जास्त उतरली तर ती बहुतेक वेळा पुढच्या पॉइंटची असते. रात्री हिशेब लावताना कळतं, तोवर समोरचा फोन उचलत नाही.

दहा-बारा दुकानांना माल टाकायचा असेल तर?

पॉइंटचा दर सोडा, दिवसाचा दर लावा. दहा तास आणि ८० किलोमीटर: ३,००० अधिक १,२००, म्हणजे ४,२००. त्यापुढे तासाला ३०० आणि किलोमीटरला १५. शहरात एका दुकानाला गाडी लावणं, बिल, पैसे किंवा चेक, रिकामे क्रेट हे सगळं धरून १५ ते २५ मिनिटं जातात, मधला रस्ता वेगळा, तेव्हा बाराच्या पुढे दुकानं एका दिवसात बसत नाहीत. चालकाने वसुलीची रोकड आणायची असेल तर ते वेगळं काम आहे. घेऊ नका, घेतलंच तर पार्टीचा माणूस गाडीत हवा. पेठांमध्ये गाडी उभी केल्याचं ई-चलान कोणाचं, हेही आधी ठरवा. दुकानासमोरच उतरवण्याचा आग्रह पार्टीचा असेल तर चलान पार्टीचं.

तीन वेगवेगळ्या पार्ट्यांचा माल एकाच गाडीत आहे. भाडं कसं वाटायचं?

जागा आणि वजन यांतलं जे जास्त भरेल त्यावर. एक टन लोखंड तीन फुटांत बसतं, तीनशे किलो थर्माकोल दहा फूट खातं. फुटांवर वाटताना १४ ने नाही, १२ ने भागा, कारण दोन पार्ट्यांच्या मधली जागा कधीच पूर्ण भरत नाही.

वरचंच उदाहरण: चाकणपर्यंतचे ७,८०० भागिले १२, फुटाला ६५०. तळेगावचा सहा फूट माल ३,९०० अधिक पॉइंटचे ६००, म्हणजे ४,५००. चाकणचा चार फूट, २,६००. वाघोलीचा दोन फूट, १,३०० अधिक वाढीव १,८७५, म्हणजे ३,१७५. बेरीज १०,२७५, टोल याच प्रमाणात. वाघोलीच्या पार्टीला ३,१७५ जड वाटतील. दोन फुटांसाठी साठ किलोमीटर कोणी दुसऱ्याने का सोसायचे? नाही पटलं तर चाकणला उतरवा, पुढे ते त्यांची छोटी गाडी लावतील.

ई-वे बिल किती लागतात?

ई-वे बिल म्हणजे जीएसटीच्या पोर्टलवर काढलेला मालवाहतुकीचा कागद. मालाच्या प्रत्येक बिलाला वेगळं. मालाची किंमत ५०,००० च्या वर असली की लागतं. माल महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात फिरत असेल तर ही मर्यादा १ लाख आहे. सगळी मिळून एकत्रित ई-वे बिल काढता येतं, ते चालकाला सोयीचं. भाग ब मध्ये गाडी नंबर बरोबर आहे का, हे गेटबाहेर पडण्याआधी बघा. मुदत २०० किलोमीटरला एक दिवस. भिवंडी-पुण्याला ती पुरते, पण एखादा पॉइंट दुसऱ्या-तिसऱ्या दिवसावर गेला की संपते. मुदत संपण्याच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंत वाढवता येते. हे काम पार्टीचं किंवा ट्रान्सपोर्टरचं, पण गाडी अडते ती तुमची.

पॉइंट बंद निघाला किंवा माल घेतला नाही तर?

भोसरी-चाकण पट्ट्यात गुरुवारी साप्ताहिक सुट्टी असते. बुधवारी दुपारी उशिरा गाडी भरून निघालात की शेवटचा पॉइंट गुरुवारी सकाळी येतो आणि गेटला कुलूप. म्हणून प्रत्येक पॉइंटच्या माणसाचा नंबर आणि माल घ्यायच्या वेळा भरण्याआधी मागा.

बंद निघाल्यास पॉइंटचे पैसे पूर्ण, कारण गाडी तिथे गेलीच. परत जायचं तर नवा पॉइंट. माल नाकारला आणि भिवंडीला परत आणायचा तर गाडी रिकामी येणारच होती म्हणून पूर्ण भाडं मागू नका, पण परतीची उतराई, कागद आणि अडलेला परतीचा माल यांचे मिळून मूळ भाड्याच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत घेणं रास्त आहे. परतीला सेल्स रिटर्नचं नवं ई-वे बिल हवं. नकार पोहोचीवर लेखी घ्या, सहीशिक्क्यासह.

गाडी निघाल्यावर पॉइंट वाढवला तर?

हिशेबाच्या दीडपट. गाडी रस्त्यात असताना क्रम मोडतो आणि परतीचा माल हुकतो. आणि मेसेज आल्याशिवाय चालकाने गाडी वळवायची नाही, पार्टीचा साहेब फोनवर कितीही ओरडला तरी.

टोल आणि बंदीचे तास?

टोल नेहमी फास्टॅगच्या स्टेटमेंटप्रमाणे वेगळा. खालापूर आणि तळेगावचा टोल सगळ्यांना माहीत असतो. पॉइंटमुळे एखादा नाका दोनदा ओलांडावा लागला की तिथेच वाद. मुंबई, ठाणे, पुणे इथे जड वाहनांना सकाळ-संध्याकाळ बंदीच्या वेळा असतात. भरायला उशीर पार्टीने केला आणि त्यामुळे गाडी बंदीत अडकली तर तो वेळ पार्टीचा. चालक उशिरा निघाला तर तुमचा.

डिझेल वाढलं की किती वाढवायचं?

लिटरला १ रुपया वाढला की ८ च्या ॲव्हरेजला किलोमीटरमागे साडेबारा पैसे. २८० किलोमीटरच्या फेरीला ३५ रुपये. म्हणजे डिझेल तीन रुपयांनी वाढल्यावर पाचशे मागणं चूक आणि काहीच न मागणंही चूक. दर ठरवताना त्या दिवसाचा डिझेलचा भाव लिहून ठेवा आणि तीन रुपयांपेक्षा जास्त फरक पडला की या हिशेबाने कमी-जास्त. कमी झाल्यावर स्वतःहून कमी केलंत तर वाढवताना तोंड वर करून बोलता येतं.

भाड्याचा मेसेज कसा लिहावा?

असा:

'माणकोली ते वाघोली, १४ फुटी बंद बॉडी, ३ टनांपर्यंत. भाडं ९,३७५ (वाघोली डेस्टिनेशन). पॉइंट: तळेगाव एमआयडीसी ६००, चाकण ३००. भरायला २ तास, प्रत्येक पॉइंटला १ तास मोकळा, गेटवर पोचल्यापासून. पुढे अर्ध्या तासाला १५०. हॉल्टिंग दिवसाला ३,३००. टोल फास्टॅगप्रमाणे. हमाली-वाराई पार्टीची. वाटेत वाढवलेला पॉइंट दीडपट. ॲडव्हान्स ८० टक्के भरल्यावर, बाकी पोहोचीचे फोटो मिळाल्यापासून ७ दिवसांत. डिझेल ९२ धरून.'

वाघोलीपर्यंतच्या भाड्यात तिथला उतराईचा तास आलेला आहे आणि चाकणचा वेगळा काढला आहे, म्हणून बेरीज तीच १०,२७५ येते. समोरून 'ओके' आल्याशिवाय गाडी गोदामाला लावू नका.

बाकी पैसे अडकतात. काय करता येईल?

चारपैकी एक पोहोच हरवली की चारही पॉइंटची बाकी थांबते. म्हणून पोहोच पॉइंटवरच फोटो काढून पाठवायची, आणि मूळ कागद एकाच पाकिटात, फेरीचा नंबर घालून. बिलही पॉइंटवार लिहा, म्हणजे एकाच्या वादात तिघांचे पैसे अडकत नाहीत.

उद्यम नोंदणी काम घेण्याआधी करून ठेवा, ती फुकट आहे. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंद असेल तर लेखी करार असला तरी पैसे ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत. उशिरा दिले तर चक्रवाढ व्याज मागता येतं आणि सुविधा परिषदेकडे तक्रार करता येते. वर्षभरात दहा किंवा त्याहून कमी मालवाहू गाड्या असतील तर पॅनसह तसं घोषणापत्र भाडं देणाऱ्याला द्या, टीडीएस कापला जात नाही. ते दिलं नाही म्हणून कापून घेणारे पुष्कळ आहेत. तसंच गाडी नुसती ट्रान्सपोर्टरला भाड्याने देत असाल आणि बिल्टी त्याची असेल तर तुमच्या भाड्यावर जीएसटी नाही. स्वतःची बिल्टी फाडायला लागलात की चित्र बदलतं. तिथे सीएला विचारून मगच बिलबुक छापा.